अनुभव धागा : कोरी, ब्रिसलनोझ आणि बाकी मिशीवाल्यांची पिल्लं जगवताना

रंकाळाकाठ
मिरगाचा पहिला दमदार पाऊस झाला, बदललेलं पाणी जरा गार पडलं, की कोरी, म्हणजे टाकीच्या तळाला राहणारे कोरीडोरस जातीचे छोटे मिशीवाले मासे (कॅटफिश), काचेवर अंडी चिकटवायला लागतात. काल काचेवर तशीच साबुदाण्यासारखी अंडी दिसली आणि जुनं सगळं वर आलं, म्हणून हा धागा.

अंडी फुटणं अवघड नाही. 25 अंशाला 3 ते 5 दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पुढचे 2-3 दिवस पोटाला असलेल्या बलकाच्या पिशवीवर निघतात. मरतात ती त्यानंतर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. कारणं दोनच : तळाची घाण आणि उपास. रोग नंतर येतो, तोही याच दोघांच्या मागून. तेव्हा औषधाची बाटली शेवटी, आधी तळाची घाण ओढून काढणारी सायफनची नळी. तुमच्या टाकीत काय चालतं ते लिहा, मापासकट.

वाळूतळ
तळापासूनच सुरू करतो. नुसती काच ठेवली की तिच्यावर बुळबुळीत थर बसतो. पिल्लू पोट टेकून तिथंच बसतं, मिशाही त्यातच घासतं. मिशा झिजल्या की लोक वाळूला दोष देतात, पण बऱ्याचदा झिजवतात ते त्या थरातले जिवाणू. बारीक, गुळगुळीत वाळू अर्धा सेंटीमीटर, त्याहून जाड नको, नाहीतर खाली अन्न कुजतं. वाळूवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर त्यात चुनखडी आहे, ती पाणी कडक करत राहणार. मिशी मुळापर्यंत गेली नसेल तर तळ स्वच्छ ठेवल्यावर परत वाढते.

पाणी 10 ते 15 सेंटीमीटरच भरा. कोरी आतड्यातूनही हवा घेते, पिल्लाला वर जाऊन घोट घेऊन परत तळाला यायचं असतं. काठोकाठ भरून वर झाकण दाबलं तर घोट घ्यायला जागाच उरत नाही.

पेठेतली काकू
भाकरी तव्यावर आहे, थोडक्यात लिहिते. सायफनला हवेच्या पंपाचीच बारीक नळी घ्या, 4 मिलिमीटरची. दुसरं टोक बादलीत न सोडता पांढऱ्या टबात सोडा. पांढऱ्यावर पिल्लू तिळाएवढं असलं तरी डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसतात. चमच्यानं पाण्यासकट उचलायचं. जाळी अजिबात नको, कल्ल्यामागचा काटा जाळीत अडकला की पिल्लू गेलंच.

खळाळ
काकू, टबाचं अगदी बरोबर 👌 पण पाणी परत भरताना सगळे घाई करतात. त्याच नळीला सैल गाठ मारा, सेकंदाला 2-3 थेंब पडू देत. रोज 10 ते 20 टक्के. बादली आदल्या रात्रीच टाकीशेजारी भरून ठेवली की तापमान सारखं होतं.

शेवाळ
नळाच्या पाण्याचं काय करता? काळम्मावाडीचं थेट पाईपलाईनचं पाणी आल्यापासून आमच्या भागात चव बदलली म्हणतात.

काचघर
चवीपेक्षा क्लोरीन बघा. पावसाळ्यात धरणाचं असो की नदीचं, पाणी गढूळ येतं आणि शुद्धीकरणात क्लोरीनचा डोस वाढू शकतो. नाकाला वास आला म्हणजे पिल्लांच्या कल्ल्यांना झोंबणारच. हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे आणा. 10 ग्रॅम 100 मिली पाण्यात विरघळवा, त्यातलं 1 मिली 10 लिटरला. एक मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण 7 मिलिग्रॅम हायपो लागतो, त्यामुळे या मापात नेहमीच्या नळाच्या पाण्याचं भागतं. द्रावण रंगीत बाटलीत ठेवा आणि महिन्याभरानं नवं करा.

आणि विष्ठेतून नि कुजलेल्या खाण्यातून पाण्यात उतरणारा अमोनिया मोजायची पट्टी घरात ठेवाच. पीएच (पाण्याच्या आम्लपणाचा आकडा) 7 ला एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांवर जातो. म्हणून पट्टीवर आकडा तोच दिसला तरी एकाची पिल्लं धडधाकट असतात आणि दुसऱ्याची पोटावर लाल डाग येऊन आडवी. अमोनिया शून्य, त्यापासून जिवाणू बनवतात तो नायट्राइट शून्य, शेवटी उरणारा नायट्रेट लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आत.

रंकाळाकाठ
नायट्राइट चढलाच तर लिटरला 1 ग्रॅम मीठ. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. पण मिशीवाल्यांना खवले नसतात, त्याहून जास्त मीठ नको. आणि मीठ म्हणजे उपाय नव्हे. पाणी बदलेपर्यंतची ती सोय आहे.

मिरगसर
खायला काय? बाजारातली पूड टाकतोय, पोटं खपाटीलाच आहेत.

वाळूतळ
पूड तळाला बसते आणि पाण्यात फुगून सडते. पिल्लू हलणाऱ्या खाण्याकडे जातं. मायक्रोवर्म (अगदी बारीक जिवंत जंत) लावा. ओट्स शिजवून घट्ट लापशी करा, प्लॅस्टिकच्या डब्यात 1 सेंटीमीटर थर, वर चिमूटभर यीस्ट आणि कुणाकडून तरी आणलेलं चमचाभर वर्मचं विरजण. झाकणाला सुईनं भोकं पाडा. 5-6 दिवसांत डब्याच्या भिंतीवर चकाकणारी जाळी चढते, ती बोटानं पुसून थेट टाकीत. दर 3 आठवड्यांनी नवा डबा लावा, जुन्याला आंबूस वास सुटला की वर्म खाली बसतात.

खळाळ
आणि आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातले बारीक जीव, त्यांची सुकी अंडी फुटवायची. लिटर पाण्याला 25-30 ग्रॅम खडे मीठ, 26-28 अंश, वर दिवा, तळातून जोरात हवा. 18 ते 36 तासांत फुटतात. हवा बंद करून 10 मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, तळाशी टॉर्च धरला की पिल्लं उजेडाकडे गोळा होतात. खालून नळीनं ओढा, सुती कापडावर गाळा आणि गोड्या पाण्यात खंगाळा. टरफलं पोटात गेली तर आतडं तुंबतं, तेव्हा आळस नको.
खाल्लंय का हे बघायला काचेच्या बाजूनं टॉर्च मारा. भरलेलं पोट नारिंगी दिसतं, एखाद्या बारक्या दिव्यासारखं. ज्याचं पोट पारदर्शक राहिलं त्याच्याजवळ ड्रॉपरनं खाणं सोडायचं. दिवसातून 3-4 वेळा, थोडं थोडं.

मिरगसर
नारिंगी पोटाचं माहीत नव्हतं दादा! आज रात्रीच टॉर्च घेऊन बसतो.

पेठेतली काकू
बदामाचं पान घाला ओ कुणीतरी. आपल्या रस्त्याकडेच्या देशी बदामाचं, झाडावरून आपसूक गळलेलं, तपकिरी वाळलेलं. धुऊन एक पान 20 लिटरला. पाणी चहासारखं होतं, घाबरू नका. पानावर जो चिकट थर धरतो त्यात बारीक जीव असतात, पिल्लं दिवसभर तोच कुरतडत राहतात. औषध फवारलेल्या भागातलं पान नको.

शेवाळ
अंड्यांना बुरशी लागते त्याचं सांगा, माझी निम्मी पांढरी झाली.

रंकाळाकाठ
पांढरी म्हणजे फळलेलीच नाहीत. फळलेली हळूहळू तपकिरी होतात. पांढरी रोज चिमट्यानं काढा, नाहीतर शेजारच्यांनाही बुरशी धरते. अंडी वेगळ्या डब्यात ठेवून मिथिलीन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) : 1 टक्क्याचं द्रावण 10 लिटरला 2 मिली. डब्यात संथ हवा हवीच. हे स्पंज फिल्टर असलेल्या टाकीत ओतू नका, स्पंजातले उपयोगी जिवाणू मरतात. पिल्लं फुटली की निळं पाणी टप्प्याटप्प्यानं बदला.

काचघर
स्पंज फिल्टर नवीन असेल तर पिल्लांच्या 4-6 आठवडे आधीच मोठ्या टाकीत चालू करून ठेवा, म्हणजे त्यात ते उपयोगी जिवाणू धरतात. धुताना टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली कधीच नाही. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा किंवा नळीत चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवा. पावसात लाईट गेली की पाणी उलटं पंपात येतं आणि लाईट आल्यावर पंप जळतो. बॅटरीवरचा एक छोटा पंप जवळ ठेवा.

शेवाळ
लाईटचं नावच काढू नका, आमच्या गल्लीत आज सकाळपासून तिसऱ्यांदा 😞

मिरगसर
जरा वेगळं. दुकानातून 2 इंची सकर आणलाय काच साफ करायला, पिल्लांबरोबर चालेल का?

वाळूतळ
नको. तो फूटभर आणि त्याहून मोठा होतो, घाणही तेवढीच करतो. मोठा झाला म्हणून रंकाळ्यात नाहीतर पंचगंगेत मात्र कधीच सोडू नका. देशातल्या कितीतरी तलाव-नद्यांत हा दक्षिण अमेरिकी मासा पसरलाय, काठाला बिळं करतो, कोळ्यांच्या जाळ्यात अडकून जाळी फाडतो. ‘शार्क’ म्हणून विकतात तो पंगासही तसाच, मीटरभर वाढणारा मिशीवालाच तो. काच साफ करायला ब्रिसलनोझ घ्या, 12-15 सेंटीमीटरवर थांबतो.

ब्रिसलनोझच्या पिल्लांना दोडका किंवा काकडी : साल काढून 2-3 मिनिटं उकळायची, स्टीलच्या चमच्याला टोचून बुडवायची. 12 तासांनी उरलेलं बाहेर. लाकडाचा ओंडका टाकीत हवाच, ते तो खरवडत राहतात.

पेठेतली काकू
दोडका महागलाय किती, माशांना घालायचा की माणसांना 😄 दुधी चालतो का?

वाळूतळ
चालतो काकू, तसाच उकळून. बिया काढून टाका.

खळाळ
अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला तर? मोठ्या कोरींवर दिसतायत, पिल्लं त्याच खोलीत आहेत.

काचघर
पिल्लांची नळी, चमचा, टब वेगळे करा, ओले हातसुद्धा आधी पुसा. मोठ्यांच्या टाकीत तापमान दर काही तासांनी 1 अंशानं वाढवत 29-30 पर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. ब्राँझ आणि स्टेर्बाय कोरी हे सोसतात. पेपर्ड कोरीला गार पाणी लागतं, तिच्यासाठी तापमान नको, औषध घ्या. मॅलाकाइट ग्रीन असलेलं औषध बाटलीवरच्या निम्म्या मापात. तळ रोज सायफन करा, ठिपक्यातून सुटलेले जंतू तिथंच वाढतात.

मिरगसर
आणि मे महिन्यात? वरच्या मजल्यावर टाकी तापते.

रंकाळाकाठ
छोटा पंखा पाण्यावर तिरका लावा, बाष्पीभवनानं 2-3 अंश उतरतं. पाणी रोज घटेल, ते साध्या हायपो केलेल्या पाण्यानं भरा. बर्फाचे खडे टाकू नका, एका दमात गार झालं की पिल्लं आखडतात. डिसेंबरात उलटं, रात्री 14-15 अंशापर्यंत उतरलं की 40-50 लिटरला 50 वॅटचा हीटर पुरतो. त्याला जाळी लावा, पिल्लं ऊब बघून चिकटतात आणि भाजतात.

मिरगसर
टॉर्च मारला. नऊतली सहा नारिंगी, तीन पारदर्शक. ड्रॉपर आणायला चाललोय.