औद्योगिक प्रदर्शनातील मुक्त सॉफ्टवेअरच्या स्टॉलवर लोक थांबत नाहीत, काय करावे?

उद्यमनगरकर:
आम्ही चौघे कोल्हापुरातील लहान कारखान्यांना मुक्त सॉफ्टवेअर बसवून देतो व शिकवतो. अलीकडेच येथील एका औद्योगिक प्रदर्शनात आम्ही तीन दिवस स्टॉल घेतला होता. मागे ‘संपूर्ण मोफत’ असा मोठा फलक, टेबलावर माहितीपत्रके आणि दोन लॅपटॉपवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी प्रणाली) व लिब्रेऑफिस (कार्यालयीन कामाचे सॉफ्टवेअर), अशी मांडणी होती. लोक फलक वाचत, पत्रक घेत आणि शेजारच्या सीएनसी मशीनकडे वळत. एका फाउंड्रीमालकांनी मात्र थांबून विचारले, “फुकट देताय, मग तुम्हाला यात काय मिळतं?” मला पटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या प्रदर्शनाआधी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पॅटर्नवाला_शिरोली:
घोटाळा आपल्या फलकातच आहे. इंग्रजीत ‘फ्री’ या एकाच शब्दाला ‘स्वतंत्र’ आणि ‘फुकट’ असे दोन अर्थ असल्यामुळे, १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांना त्यांतील फरक वर्षानुवर्षे समजावून सांगावा लागला. मराठीत ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द आयते असताना आपण नेमका चुकीचा उचललात. मोफत म्हटले की धंद्यातल्या माणसाला त्यात गोम दिसते. त्या मालकांना सरळ सांगायला हवे होते, की सॉफ्टवेअरचे पैसे नाहीत, पण ते बसवण्याचे, जुन्या फायली त्यात आणण्याचे आणि कामगारांना शिकवण्याचे पैसे आम्ही घेतो. आणि आमचे काम पसंत पडले नाही तर तेच काम उद्या दुसऱ्या कोणाकडूनही करून घेता येईल, कारण सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ संहिता, कोणा एकाच्या कुलुपात नाही.

दुसरे असे, की लिब्रेऑफिस पाहायला कोणी शिरोलीहून येत नाही. मी स्वतः एकदा अशा स्टॉलवर अर्धा तास रेंगाळलो, तो तेथील मुलीमुळे. तिने “आपला व्यवसाय काय?” एवढेच विचारले, आणि मी ‘पॅटर्न’ (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) म्हणताच फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक फ्लँज (पाइप जोडण्याची भोके असलेली चकती) उघडून माउस माझ्या हातात दिला. ओतलेले बीड थंड होताना आकसते, त्यासाठी साधारण एक टक्का धरून मी १५० मिलिमीटरचा व्यास १५१.५ केला, तर त्याला जोडलेली बोल्टची भोकेही आपोआप बाहेर सरकली. तिने पुढे काही सांगण्याची गरजच उरली नाही. आपण चौघेही टेबलामागे खुर्च्यांवर बसला होता का, हेही एकदा आठवून पाहा.

कागल_ड्राफ्ट्समन:
वरील सूचना उत्तम आहे, पण एक धोका आहे. आपल्याकडची बहुतेक ड्रॉइंग डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या फायलींच्या) स्वरूपात असतात, आणि ती उघडण्यासाठी फ्रीकॅडला बहुधा वेगळा कन्व्हर्टर जोडावा लागतो. तो लोक येण्याआधीच बसवून तपासावा, नाहीतर दहा लोकांसमोर फाइल उघडली नाही की स्टॉल तिथेच संपला. शिवाय ड्रॉइंग कारखानदाराचे नसून त्याच्या गिऱ्हाइकाचे असते. म्हणून लॅपटॉप लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (लॅपटॉपच्या डिस्कवर काही न बसवता) चालवा, इंटरनेट बंद ठेवा, आणि संगणक बंद केल्यावर येथे काहीही शिल्लक राहत नाही, हे समोरच्याने विचारण्याआधीच सांगा.

उद्यमनगरकर:
होय, बसूनच होतो. फलकावर आता ‘आपले ड्रॉइंग घेऊन या’ एवढेच लिहिणार आहे. कार्यालयातील संगणकांविषयी मात्र काहीच दाखवू नये का?

हिशेबनीस_शाहूपुरी:
जरूर दाखवावे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ न चालणारे संगणक अजून कित्येक कार्यालयांत आहेत. तसाच एक जुना, धूळ बसलेला संगणक मिंटवर चालवून ठेवा. पण पहिला प्रश्न टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा येईल, आणि ते लिनक्सवर थेट चालत नाही, हे स्वच्छ सांगा. हिशेबाचा एक संगणक विंडोजवर राहिला म्हणून काही बिघडत नाही.

पॅटर्नवाला_शिरोली:
माझ्याकडे एक जुना बिडाचा फ्लँज आणि त्याचा लाकडी पॅटर्न पडून आहे. तो लॅपटॉपशेजारी ठेवा. लोक आधी त्यालाच हात लावतील. शिरोलीला येऊन घेऊन जावा, फक्त मोपेडवरून येऊ नका, वजन आहे.