"भेव गेलं अन् पहाडही चालला": एटापल्लीच्या भावाला काय सांगू?

पळसफूल (मानेवाडा, नागपूर)

नमस्कार मंडळी. माझे बाबा गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. माझी चौथी तिथेच झाली. बाबांचा एक विद्यार्थी, मी त्याला भाऊच म्हणते, मागच्या आठवड्यात आईला दाखवायला नागपूरला आला आणि चार दिवस आमच्याकडे राहिला. त्याची शेती आता आष्टीच्या रस्त्याला लागून आहे. सूरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक याच रस्त्यानं जातात. त्यानं पिशवीतून कापसाची दोन बोंडं काढून ओट्यावर ठेवली. कापूस विटकरी झाला होता. बोट लावलं तर बोटही लाल.

जेवताना तो म्हणाला, "ताई, दादालोक होते तवा भेव होतं, पण पहाड होता. आता भेव कमी झालं अन् पहाड चालला." दादालोक म्हणजे नक्षलवादी, तिकडे तसंच म्हणतात.

भाऊ त्यांच्या बाजूचा नाही. त्याच्या चुलतभावाला खबऱ्या ठरवून एका रात्री घरातून नेलं आणि सकाळी रस्त्यावर टाकलं. असा माणूस हे बोलतो, म्हणून मला ते वाक्य सोडवत नाहीये. सूरजागडचा खाणपट्टा 2007 चा, पण कितीतरी वर्षं काम पुढे सरकलं नाही. डिसेंबर 2016 मध्ये तिथे नक्षलवाद्यांनी सत्तरच्या वर गाड्या जाळल्या. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षलवाद्यांचा मोठा नेता भूपती यानं 60 जणांसह गडचिरोलीत शस्त्रं ठेवली, तेव्हा मला खरंच सुटल्यासारखं वाटलं होतं. आता भाऊचं हे ऐकून झोप लागत नाही.

लढाई असते तोवर जंगल वाचतं आणि शांतता आली की जातं, असं आणखी कुठे घडलंय का? घडलं असेल तर त्याला मी काय सांगू?

जुना_वनपाल

ताई, तुमच्या भावाचं दुःख कळतं. पण जंगल बंदुकीनं वाचलं, असं कृपा करून म्हणू नका. मी 31 वर्षं वनखात्यात काढली, त्यातली 11 अहेरी-आलापल्लीकडे. भीतीपोटी आम्ही आत जात नव्हतो. मग सागवान कोण पाहणार? आम्ही नसलेल्या भागात तस्करांचं फावलं. बांबूचे डेपो जळाले. मे महिन्यात तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं गोळा करायच्या जागी, बाया 70-70 पानांचे पुडे बांधायच्या, आणि कंत्राटदार दादालोकांना खंडणी पोचवायचा. तो पैसा मजुरीतूनच निघायचा, अन् त्यातूनच पुढची बंदूक यायची. जंगलाच्या पानावर लढाई चालली, ताई.

मोझांबिकमध्ये गोरोंगोसा नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. 1977 ते 1992 तिथे यादवी चालली. दोन्ही बाजूंनी हस्तिदंतासाठी आणि मांसासाठी इतके हत्ती मारले की दहातला एक जेमतेम उरला. सुळे नसलेल्या हत्तिणींना गोळी लागली नाही, त्या जगल्या, आणि पुढे त्यांच्या पोटीही बिनसुळ्याच्या मादी पिल्लांची संख्या वाढली. लढाई प्राण्यांच्या रक्तात उतरते ती अशी. हे वाचलं त्या रात्री मलाही झोप लागली नव्हती.

खाणवाला_वाडी

वनपालसाहेबांशी सहमत, पण ताईंच्या भावाचंही खोटं नाही. पापुआ न्यू गिनीतल्या बोगनविल बेटावर पांगुनाची तांब्याची खाण 1972 मध्ये सुरू झाली. खाणीचा एक अब्ज टनांवर कचरा जाबा नदीच्या खोऱ्यात गेला. जमीनमालकांच्या पदरात फार थोडं पडलं. 1988 च्या शेवटी त्यांनी खाणीतलीच स्फोटकं घेऊन विजेचे मनोरे पाडले, 1989 मध्ये खाण बंद झाली आणि मग जवळपास दहा वर्षं यादवीत माणसं मेली. खाण अजून बंदच आहे, नदी मात्र अजून साफ झालेली नाही. माझं आयुष्य खाणींत गेलं. गावाला विचारल्याशिवाय टेकडी फोडायला घेतली की भांडण त्याच दिवशी सुरू होतं, ट्रक नंतर जळतात.

रविनगर_लॉ

पळसफूलताई, हो, घडलंय. कोलंबियात 2016 मध्ये सरकार आणि फार्क बंडखोर यांचा करार झाला. बंडखोर जंगलातून बाहेर आले, आणि त्या मोकळ्या जागेत सरकारच्या आधी जमीन बळकावणारे, गुरंवाले पोचले. 2017 मध्ये तिथे सुमारे 2 लाख 20 हजार हेक्टर जंगल तुटलं, आदल्या वर्षीपेक्षा बरंच जास्त. म्हणजे भाऊंना दिसतंय ते खरं आहे.

कायद्याकडून मात्र इथे फार आशा धरू नका. व्हिएतनाममध्ये अमेरिकेनं जंगलावर विष फवारलं, त्यानंतर 1977 च्या जीनिव्हा प्रोटोकॉलमध्ये निसर्गाचं नाव आलं. पण नुकसान व्यापक, दीर्घकाळ टिकणारं आणि तीव्र, असं तिन्ही एकदम असावं लागतं. शिवाय तो नियम दोन देशांमधल्या युद्धापुरता, आणि भारत त्यात सामील नाही. कुवेतला 1991 मध्ये जाळलेल्या सहाशेच्या वर तेलविहिरींची भरपाई मिळाली, कारण इराक हरला होता आणि सुरक्षा परिषदेनं आयोग नेमला होता. आष्टीच्या कापसासाठी कोणी आयोग नेमणार नाही.

भाऊंच्या कामाचं आहे ते नियमगिरी. ओडिशातल्या त्या डोंगरावर बॉक्साइटची खाण होणार होती. सर्वोच्च न्यायालयानं 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं की ग्रामसभांना विचारा. 12 गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. डोंगर आजही उभा आहे. ग्रामसभांची ही ताकद वनहक्क कायद्यातून आली, गोळीतून नाही.

पळसफूल (मानेवाडा, नागपूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. वनपालकाका, तुमचं मी भाऊला फोनवर वाचून दाखवलं. "मजुरीतूनच निघायचा" ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माही माय बांधत होती ते पुडे."

मला वाटायचं, त्याच्यासमोर दोनच वाटा होत्या, बंदूक नाहीतर ट्रक. पण मेंढा (लेखा) त्याच जिल्ह्यात आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क आणि 2011 मध्ये स्वतःचा बांबू विकण्याची परवानगी त्या गावानं मिळवली, हे माझ्या का लक्षात आलं नाही! "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे त्यांचं वाक्य बाबांच्या तोंडी असायचं.

भाऊ विचारतोय, खाणीपासून इतक्या दूर रस्त्याकडेच्या गावाची ग्रामसभा धुळीवर ठराव घेऊ शकते का, आणि त्या ठरावासोबत काय काय जोडायचं. रविनगरकर, जरा सांगशील का? गुरुवारी तो आईच्या तपासणीला परत येतोय. बोंडं मी कागदात गुंडाळून तारीख टाकून ठेवली आहेत.