"तुम्हीच ठरवा" म्हणजे सहनिर्णय का? (मानसोपचारातली औषधं)

अर्धविराम:
उपचार डॉक्टर आणि पेशंटने मिळून ठरवायचे, हे तत्त्व म्हणून कुणालाच अमान्य नाही. अडतं ते प्रत्यक्षात. फॉलो-अपला मिळतात दहा-पंधरा मिनिटं. त्यात एक तर "ही गोळी सुरू करा, महिन्याने या", नाहीतर तीन नावं पुढे ठेवून "तुम्हीच ठरवा". दुसऱ्या प्रकाराला सहनिर्णय म्हणायचं का? बायपोलर (कधी नैराश्य, तर कधी मॅनिया म्हणजे अति उत्साहाचा भर, असा आजार) धरून चाला: लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि क्वेटियापिन यांतलं एक बराच काळ घ्यायचं आहे. कुणी काय विचारायचं, काय सांगायचं? आणि मॅनिया चढलेला असताना याचं काय करायचं?

निळीशाई:
"तुम्हीच ठरवा" हे सरळसरळ हात झटकणं आहे. औषधं डॉक्टरला माहीत असतात, पेशंटचा दिवस कसा जातो ते पेशंटला. दोन्ही टेबलावर आल्याशिवाय मिळून ठरवायला काही नसतंच.

बहुतेक वेळा पहिलीच पायरी गाळली जाते: "इथे एकापेक्षा जास्त मार्ग बरोबर आहेत" हे स्पष्ट म्हणणं. ते न म्हणता पर्याय मोजायला लागलं, की डॉक्टरलाच नक्की माहीत नाही असा पेशंटचा समज होतो.

आता तुमचे तीन पर्याय. लिथियमचा दीर्घकाळचा पुरावा भक्कम आहे, आत्महत्येचा धोका कमी होण्याबाबतही. बदल्यात रक्ततपासण्या मागे लागतात. नेहमीच्या उपचारात रक्तातली लिथियमची पातळी साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर ठेवतात, रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी द्यायचं, डोस बदलला की ५ ते ७ दिवसांनी पुन्हा. शिवाय दर सहा महिन्यांनी मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम. हात थरथरणं, तहान, वारंवार लघवी हे त्रास आधीच सांगावेत. उन्हात घाम गाळायचं काम आहे का, अंगदुखीला आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेण्याची सवय आहे का, हे विचारल्याशिवाय लिथियम लिहूच नये. दोन्हींमुळे पातळी चढते.

क्वेटियापिनने गुंगी येते, वजन आणि साखर वाढू शकते. पहाटे गाडी काढणाऱ्याला गुंगी जड जाईल, झोप उडालेल्याला तीच हवीशी वाटेल. व्हॅल्प्रोएटचं मात्र वेगळं. गर्भारपणात घेतल्यास १०० पैकी सुमारे १० बाळांत जन्मजात व्यंग आणि १०० पैकी ३० ते ४० मुलांत विकासाच्या अडचणी दिसतात. मूल होण्याची शक्यता असलेल्या स्त्रीपुढे ते बरोबरीचा पर्याय म्हणून मांडणं ही दिशाभूल आहे. निवड आधीच अरुंद झाली असेल तर तसं सांगावं.

पाव_गोळी:
आकड्यांबद्दल थोडं. "धोका दुप्पट होतो" ऐकलं की लगेच विचारा, कितीचा दुप्पट? हजारात १ चे २ झाले, की शंभरात १० चे २०? सगळ्या पर्यायांचे फायदे-तोटे "शंभरातले किती" याच मापात मागा. फायदा टक्क्यांत आणि तोटा "क्वचित" असा शब्दांत सांगितला तर तुलना होतच नाही.

दुसरं, औषध सुरू करतानाच थांबण्याची अट ठरवून घ्या. नैराश्याच्या गोळीने पुरेशा डोसवर चार आठवड्यांत तसूभरही फरक नसेल तर पुढे काय, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवं. या गोळ्यांमुळे होणाऱ्या लैंगिक तक्रारी पेशंट आपणहून काढत नाहीत, म्हणून डॉक्टरनेच थेट विचारायचं. नाहीतर होतं असं: पेशंट गुपचूप गोळी सोडतो, डॉक्टरला वाटतं औषध लागू पडलं नाही, आणि दुसरं औषध वर चढतं.

नैराश्याची गोळी एकदम सोडल्यावर चक्कर, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होणं हे पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये जास्त. फ्लुऑक्सेटीन शरीरातून सावकाश जातं, म्हणून त्यात कमी. डोस उतरवताना शेवटचा टप्पाच अवघड असतो. २० मिलिग्रॅमवरून १० वर येणं बऱ्याच जणांना झेपतं, ५ वरून शून्य नाही, कारण कमी डोसला मेंदूवरचा परिणाम डोसच्या प्रमाणात न उतरता झपकन उतरतो. आणि हळूहळू विरघळणारी गोळी विचारल्याशिवाय तोडू नये.

अर्धविराम:
आकड्यांचा मुद्दा पटला. पण मॅनियाचं राहिलंच.

उंबरठा:
निर्णयक्षमता सरसकट "आहे" किंवा "नाही" अशी नसते. ती त्या निर्णयापुरती आणि त्या वेळेपुरती पाहायची. माहिती समजते का, ती स्वतःला लागू आहे हे उमगतं का, पर्याय तोलता येतात का, निवड सांगता येते का? डॉक्टरशी असहमत असणं म्हणजे क्षमता नसणं नव्हे. (गोळीला "हो" म्हटलं की क्षमता कुणीच तपासत नाही, हेही गमतीचंच.)

मॅनियात मोठा निर्णय पुढे ढकलता आला नाही तरी छोटे उरतात: गोळी की द्रव औषध, सोबत कोण बसेल. खरं काम तब्येत स्थिर असतानाचं. तेव्हा लिहून घ्या: सुरुवातीची लक्षणं (उदाहरणार्थ, चार तास झोपूनही ताजंतवानं वाटणं), आधी कोणतं औषध लागू पडलं, कोणतं नको आणि का, कुणाला कळवायचं आणि कुणाला मुळीच नाही. एक प्रत केस पेपरात, एक जवळच्या माणसाकडे. फक्त कपाटात राहिलेला कागद ऐन वेळी कुणाला सापडत नाही. भर ओसरल्यावर, मनाविरुद्ध काय केलं गेलं आणि का, यावर बसून बोलायचं. हे सहसा राहून जातं, आणि पुढच्या वेळचा विश्वास तिथेच तुटतो.

निळीशाई:
एक भर. पेशंटने सगळं ऐकून "लिथियम बंद करायचंय" म्हटलं, तर डॉक्टरने आपलं मत मत म्हणूनच सांगावं आणि बंद करण्यात मदत करावी. एकदम सोडलं तर मॅनिया परत येण्याचा धोका वाढतो. किमान ४ आठवडे, जमल्यास ३ महिने घेऊन उतरवा, आणि त्या काळात भेटी कमी न करता वाढवा.