लढाई, कत्तल, हत्याकांड, वंशसंहार : नेमका शब्द कोणता?

प्रश्न : जागतिक इतिहासावरील एका प्रश्नमंजूषेचे मराठीकरण करीत असताना युद्धे, कत्तली आणि आपत्ती या विभागात माझी वारंवार अडचण होत आहे. एकाच घटनेला कुठे ‘हत्याकांड’, कुठे ‘नरसंहार’, कुठे ‘कत्तल’ आणि क्वचित ‘लढाई’ असेही म्हटलेले आढळते. हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का? ‘जेनोसाइड’साठी ‘नरसंहार’ योग्य की ‘वंशसंहार’? आणि ‘कॅज्युअल्टी’च्या जागी ‘मृत’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या शंकेपासून आरंभ करतो, कारण तेथे शब्द चुकला की आकडाच खोटा ठरतो. १ जुलै १९१६ रोजी, म्हणजे पहिल्या महायुद्धातील सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, ब्रिटिश सैन्याची ५७,४७० माणसे कामी आली असे मराठीत लिहिलेले आढळते. प्रत्यक्षात त्यांतील मृत १९,२४० होते आणि उरलेले जखमी, बेपत्ता किंवा शत्रूच्या हाती सापडलेले होते. लष्करी हिशेबात ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे लढण्यासाठी उपलब्ध न राहिलेला प्रत्येक सैनिक. आपल्याकडे यासाठी ‘हताहत’ हा सुंदर शब्द आहे, पण तो ‘हत’ म्हणजे मारले गेलेले आणि ‘आहत’ म्हणजे जखमी झालेले अशा दोघांचा समास आहे, हे आपण विसरलो आहोत. बेपत्ता आणि युद्धकैदी त्यात बसत नाहीत, म्हणून सोमच्या आकड्यापुढे ‘हताहत, बेपत्ता व कैदी मिळून’ एवढे शब्द अवश्य जोडावेत. ‘जीवितहानी’ मात्र केवळ मृत्यूंनाच लावावी.

‘युद्ध’ आणि ‘लढाई’ यांत फारसे अडण्याचे कारण नाही. युद्ध दीर्घ आणि व्यापक असते, लढाई हा त्यातला एक प्रसंग आणि चकमक त्याहूनही लहान. रूढ नावांत ही शिस्त मोडलेली दिसली तर तेथे रूढीच पाळावी. खरा प्रश्न वेगळा आहे. लढाईला दोन बाजू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या हातांत शस्त्र लागते.

२९ डिसेंबर १८९० ची सकाळ पाहा. दक्षिण डकोटातील वूंडेड नी या ओढ्याकाठी लकोटा या मूळनिवासी जमातीच्या एका टोळीला अमेरिकी घोडदळाच्या सातव्या रेजिमेंटने वेढले होते. टोळीचा प्रमुख न्यूमोनियाने अंथरुणाला खिळलेला होता. सैनिक तंबू-तंबूतून बंदुका गोळा करीत होते आणि जवळच्या उंचवट्यावर चार हॉचकिस तोफा छावणीवर रोखून ठेवलेल्या होत्या. नि:शस्त्रीकरण चालू असतानाच एक गोळी सुटली आणि त्यानंतर जे घडले त्यात सुमारे २५० ते ३०० लकोटा मारले गेले, त्यांत स्त्रिया आणि मुले मोठ्या संख्येने होती. सुमारे २५ सैनिकही मृत्युमुखी पडले. सैन्याच्या दप्तरी ही ‘लढाई’ झाली आणि त्याबद्दल सुमारे वीस सैनिकांना सर्वोच्च शौर्यपदके मिळाली. अमेरिकी काँग्रेसने खेद व्यक्त केला तो शंभर वर्षांनी, १९९० मध्ये. ‘वूंडेड नीची लढाई कोणत्या वर्षी झाली?’ असा प्रश्न मराठीत विचारणे म्हणजे ते जुने दप्तर जसेच्या तसे उतरवून घेणे होय, आणि ते आपण करू नये असे मला मनापासून वाटते.

व्हिएतनाममधील माय लाय गावाचेही असेच झाले. १६ मार्च १९६८ च्या कारवाईनंतर अमेरिकी सैन्याने १२८ शत्रुसैनिक ठार झाल्याचे कळवले, पण हाती लागलेल्या बंदुका मात्र अवघ्या तीन होत्या. व्हिएतनामी गणनेनुसार तेथे ५०४ गावकरी मारले गेले होते. बंदुकांचा आकडा मृतांच्या आकड्याशेजारी ठेवून पाहिला तर ‘चकमक’ हा शब्द तिथल्या तिथे गळून पडतो.

आपल्या परिचयातले उदाहरणही विसरू नये. ‘पानिपतची तिसरी लढाई’ म्हटले की १४ जानेवारी १७६१ चा दिवस डोळ्यांपुढे येतो, परंतु लढाई संपल्यावर दुसऱ्या दिवशी कैदी आणि नि:शस्त्र बुणगे यांना जे ठार मारण्यात आले, तेही आपण त्याच नावाखाली बोलून मोकळे होतो. पहिला दिवस लढाईचा होता आणि दुसरा कत्तलीचा. प्रश्नात दोन्हींची जागा वेगळी ठेवणे सहज शक्य आहे.

आता ‘कत्तल’ आणि ‘हत्याकांड’. ‘कत्तल’ अरबी ‘कत्ल’वरून आला, मुळात त्याचा अर्थ ठार मारणे एवढाच होता आणि सरसकट मारण्यासाठी ‘कत्ल-ए-आम’ असा वेगळा प्रयोग होता. १७३९ मध्ये नादिरशाहाने दिल्लीत जे करविले त्याला तोच शब्द लावला जातो. मराठीत ‘आम’ गळाले आणि सरसकटपणाचा अर्थ एकट्या ‘कत्तल’मध्ये उतरला. ‘कत्तलखाना’ या शब्दामुळे त्यात मारल्या जाणाऱ्याच्या असहायतेचीही छटा आली. म्हणून ‘पाच जणांची कत्तल’ कानाला खटकते, तर ‘पाच जणांचे हत्याकांड’ तितके खटकत नाही. ‘कांड’ म्हणजे पेर किंवा प्रकरण. त्यात संख्येची अट नसून एक सलग, ठळकपणे लक्षात राहिलेला प्रसंग एवढीच अपेक्षा असते. ५ मार्च १७७० रोजी बोस्टनमध्ये ब्रिटिश सैनिकांच्या गोळीबारात पाच माणसे मृत्युमुखी पडली. त्याला ‘बोस्टन हत्याकांड’ म्हणणे रूढही आहे आणि भाषेच्या दृष्टीने निभावतेही. मात्र हे नाव अमेरिकेतील वसाहतकऱ्यांनी ब्रिटिशांविरुद्धच्या प्रचारासाठी उचलून धरलेले होते, आणि पुढे चाललेल्या खटल्यात जॉन ॲडम्स यांनी सैनिकांचा बचाव केला तेव्हा आठपैकी सहा निर्दोष सुटले व दोघे सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले, हेही प्रश्नकर्त्याने ध्यानात ठेवावे. जालियनवाला बागेस मात्र दोन्ही शब्द लागू पडतात.

‘जेनोसाइड’ हा शब्द पोलिश ज्यू कायदेपंडित राफाएल लेम्किन यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधी तीन वर्षे, ऑगस्ट १९४१ मध्ये, चर्चिल यांनी रेडिओवर अशा हत्यांना ‘नाव नसलेला गुन्हा’ म्हटले होते. लेम्किन यांनी ग्रीक ‘गेनोस’ म्हणजे वंश किंवा जमात आणि लॅटिनमधील मारणे या अर्थाचा प्रत्यय यांची सांगड घातली. ‘वंशसंहार’ या शब्दात ही घडण तंतोतंत उतरते, म्हणून कायदेशीर अर्थ अभिप्रेत असेल तेथे तोच वापरावा आणि ‘नरसंहार’ हा प्रचंड प्रमाणावरील हत्येसाठी सामान्य शब्द म्हणून राहू द्यावा. ९ डिसेंबर १९४८ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारानुसार एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णाधिष्ठित किंवा धार्मिक समूहाचा, तो समूह म्हणून, संपूर्ण किंवा अंशत: नाश करण्याचा हेतू सिद्ध व्हावा लागतो. राजकीय गट या व्याख्येत नाहीत. याचा परिणाम कंबोडियात स्पष्ट दिसतो. ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या १९७५ ते १९७९ या राजवटीत सुमारे १५ ते २० लाख माणसे मेली, पण त्याबद्दल नेमलेल्या न्यायाधिकरणाच्या २०१८ च्या निकालात वंशसंहाराचा दोष व्हिएतनामी आणि चाम या अल्पसंख्य समाजांविरुद्धच्या कृत्यांपुरताच ठेवण्यात आला. बहुसंख्य ख्मेर वंशाच्या बळींच्या बाबतीत ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ हा शब्दप्रयोग लागू झाला. येथे ‘नरसंहार’ लिहिले तर चूक होणार नाही, ‘वंशसंहार’ लिहिताना मात्र कोणाचा, हे सांगावे लागेल.

हा शब्द किती जड आहे ते १९९४ मध्ये रवांडात दिसले. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली जात असताना अमेरिकी परराष्ट्र खात्याचे प्रवक्ते ‘वंशसंहाराची कृत्ये’ म्हणत राहिले आणि ‘वंशसंहार’ हा थेट शब्द टाळत राहिले, कारण करारानुसार त्यासोबत तो रोखण्याचे कर्तव्यही येते.

पुरवणी प्रश्न : मग ‘संहार’ या शब्दाला आपला काही आक्षेप नाही का? आणि ‘होलोकॉस्ट’, ‘होलोडोमोर’, दुष्काळ, धरणफुटी यांसारख्या शब्दांचे काय करावे?

उत्तर : आक्षेप थोडा आहे. ‘संहार’चा मूळ अर्थ एकत्र ओढून घेणे, आवरणे; ‘उपसंहार’मध्ये तो अजून जिवंत आहे. पुराणकथांमुळे मात्र ‘दैत्यसंहार’ कानात बसला, आणि ‘वध’प्रमाणेच मारला गेलेला त्याच लायकीचा होता अशी पुसट सूचना त्यातून डोकावते. ‘कंसवध’ म्हणताना ती योग्यच असते. ‘नरसंहार’ आणि ‘वंशसंहार’ या समासांत पूर्वपदामुळे ती दबते, म्हणून मी ते स्वीकारतो. परंतु ‘अमुक सैन्याने गावकऱ्यांचा संहार केला’ असे मी कधीही लिहिणार नाही. तेथे ‘कत्तल’च हवी.

‘होलोकॉस्ट’ आणि ‘होलोडोमोर’ यांचा परस्परांशी संबंध नाही. पहिला नाझींनी केलेल्या ज्यूंच्या वंशसंहाराचे नाव आहे. त्यात ग्रीक ‘होलोस’ म्हणजे संपूर्ण आणि ‘कौस्तोस’ म्हणजे जळलेले. अग्नीत पूर्णपणे अर्पण केलेल्या बळीचा हा शब्द असल्याने अनेक ज्यूंना तो रुचत नाही आणि ते ‘शोआ’ हा महाआपत्ती या अर्थाचा हिब्रू शब्द पसंत करतात. दुसऱ्यात युक्रेनी ‘होलोद’ म्हणजे भूक आणि ‘मोर’ म्हणजे सामूहिक मृत्यू. हा ‘मोर’ आपल्या ‘मरण’, ‘मरी’ यांच्याच धातुकुळातला आहे. १९३२–३३ ची युक्रेनमधील ती उपासमार सोव्हिएत सरकारच्या सक्तीच्या धान्यवसुलीशी जोडलेली होती, तेव्हा दोन्ही नावे जशीच्या तशी ठेवावीत.

‘दुष्काळ’ लिहिताना सावध राहावे, कारण वाचकाच्या मनात लगेच अवर्षण उभे राहते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून जे घडले त्याचे कारण पावसाची ओढ हे नव्हते, ते बटाट्यावरील रोगाचे होते. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्या काळातही तेथून धान्य बाहेर जात होते. तेथील भाषेत त्याचे नाव ‘मोठी भूक’ असे आहे. मी ‘आयर्लंडमधील उपासमार’ लिहीन.

धरणफुटीबाबत एक चूक तर हमखास आढळते. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयात मोंते तोक डोंगराची अजस्र कडा घसरली, पाणी धरणावरून उसळून खालच्या दरीत कोसळले आणि लोंगारोने गाव जवळजवळ नाहीसे झाले. बळी दोन हजारांच्या आसपास होते. या घटनेला सर्रास ‘वायोंतची धरणफुटी’ म्हणतात. धरण फुटले नाही, ते आजही उभे आहे. ती ‘नैसर्गिक आपत्ती’ होती असेही लिहू नये, कारण १९६० मध्येच त्या उतारावर लहान दरड कोसळून लांबच लांब भेग पडली होती आणि तरीही जलाशय भरणे चालू राहिले. खरी धरणफुटी हवी असेल तर ऑगस्ट १९७५ मध्ये चीनच्या हनान प्रांतातील बानछियाओ धरणाची घ्यावी. वायोंतसाठी ‘वायोंत जलाशय दुर्घटना’ असे लिहावे आणि उत्तरात दरडीचा उल्लेख करावा.