शिकारीसाठी पहिला कंपाउंड बो: दोन पर्यायांत अडकले आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

रिकर्व्हवर (टोकं वाकलेला, चाकं नसलेला साधा धनुष्य) टार्गेट मारायची सवय जुनी आहे, ३० पाउंडाचा (म्हणजे ओढायला तेवढा जोर लागणारा) धनुष्य वापरते. आता धनुष्याने हरणाची शिकार करायची आहे. परवान्यासाठीचा कोर्स चालू आहे आणि पहिला कंपाउंड बो (टोकांना चाकं असलेला धनुष्य) घ्यायचाय. माहिती वाचायला बसलं की जो तो वेगाचे आकडे पुढे करतो. मला वेगाचं अप्रूप नाही. बाण चुकीच्या जागी बसून जनावर जखमी अवस्थेत निसटलं आणि झुडपात कुठेतरी तडफडून मेलं, असं माझ्या हातून होऊ नये एवढीच काळजी आहे, आणि धनुष्यही त्याच हिशोबाने निवडायचा आहे.

माझी मापं: दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकापासून टोकापर्यंत ६६ इंच. अडीचने भागलं की २६.४ येतात, म्हणजे ड्रॉ लेंथ (दोरी किती मागे ओढली जाते ते अंतर) साडेसव्वीसच्या आसपास धरते आहे. उजव्या हाताने मारते, प्रबळ डोळाही उजवाच.

पहिला पर्याय वापरलेला आहे. ओळखीच्या एका गृहस्थांचा वरच्या श्रेणीतला धनुष्य, लिम्ब (धनुष्याचे वाकणारे बाहू) ६० ते ७० पाउंडाची, ड्रॉ लेंथ २९ वर लावलेली. "लिम्बचे बोल्ट सैल करून जोर कमी करून घ्या, हळूहळू सवय होईल," असं ते म्हणतात. उभं राहून, धनुष्य आभाळाकडे उचलून, सगळा जोर लावल्यावर एकदाचा खेचला गेला. स्टुलावर बसून मात्र अर्ध्यावरच अडकला आणि खांदा थरथरायला लागला.

दुसरा पर्याय सगळंच कमीजास्त करता येणारा नवा धनुष्य, डायमंड इन्फिनिट एज प्रो किंवा बेअर क्रूझर जी२ सारखा. दोन्ही ५ पासून ७० पाउंडांपर्यंत जातात आणि ड्रॉ लेंथही लहान मुलापासून उंच माणसापर्यंत बसते. त्यामुळेच सरावाला येणारे काही जण त्याला खेळणं म्हणतात. ४५ पाउंड मला आरामात झेपतील असं वाटतंय. पण तेवढ्यात हरणासाठी पुरेसं बळ मिळतं का? आणि बाण, पातं (बाणाच्या टोकाला लावायचं) यांचं काय करू?

---

रानपाखरू:

ताई, पहिला पर्याय सोडून द्या. धनुष्य वाईट म्हणून नव्हे, तुमच्या मापाचा नाही म्हणून. बोल्ट सैल करून साधारण दहाएक पाउंड कमी होतात. ६०–७० ची लिम्ब ४५ वर येत नाही, आणि हट्टाने जास्त सैल केली तर बोल्ट निसटून धनुष्य हातातच फुटू शकतो. ड्रॉ लेंथ अडीच इंच जास्त असेल तर तुम्ही मागे झुकाल, दोरी कोपराजवळ फटके मारेल आणि नेम कधीच स्थिर होणार नाही.

ड्रॉ वेट (धनुष्य ओढायला लागणारा जोर) ठरवायची जी परीक्षा तुम्ही नकळत केलीत तीच खरी. बसून, धनुष्य लक्ष्याकडे धरून, वर न उचलता सरळ मागे ओढता यायला हवा. मचाणावर तासन्‌तास थंडीत बसल्यावर अंग आखडतं, अंगावर जाड जॅकेट असतं आणि हरीण समोर उभं असतं. तिथे धनुष्य आभाळाकडे नेलात की ते पळालंच म्हणून समजा. ८० टक्के लेट-ऑफ (पूर्ण ओढल्यावर जोरात होणारी घट) असेल तर ४५ पाउंडाचा धनुष्य पूर्ण ओढल्यावर हातात फक्त ९ पाउंड धरावे लागतात. हरीण आडवं, म्हणजे कूस तुमच्याकडे करून उभं, होईपर्यंत वाट बघायची ताकद त्यातूनच येते, शिकारीत तिला मोल आहे.

आता बळाचं. जाहिरातीतला वेग ७० पाउंड, ३० इंच आणि ३५० ग्रेनच्या (ग्रेन हे बाणाच्या वजनाचं माप) हलक्या बाणावर मोजलेला असतो. तुमची ड्रॉ लेंथ साडेतीन इंच कमी, दर इंचाला दहाएक फूट वेग जातो, शिवाय पाउंड कमी आणि बाण जड. ३८० ग्रेनचा बाण सेकंदाला २१५ फुटांनी गेला तर ऊर्जा ३९ फूट-पाउंड भरते. हरणासाठी २५ ते ४० फूट-पाउंड धरतात, त्यात तुम्ही व्यवस्थित बसता. पण उधळायला फार काही उरत नाही. म्हणून लागल्यावर उघडणारी पाती नकोत, ती उघडण्यातच जोर खातात. स्थिर, धारदार, दोन धारांचं पातं घ्या. अंतर २० यार्डांच्या आत ठेवा आणि जनावर पूर्ण आडवं किंवा किंचित पाठमोरं असेल तेव्हाच सोडा.

तुमच्या मापाला बाणाचं स्पाइन (तो किती वाकतो ते सांगणारा आकडा) ५००च्या आसपास येईल. आकडा जितका मोठा, बाण तितका लवचीक. ३०० चा बाण तुमच्यासाठी फार ताठ होईल. पक्कं मात्र धनुष्य जुळवताना ठरवा. शिकारीसाठी किमान ड्रॉ वेटचा नियमही असतो, तुमच्या भागातला आकडा कोर्समध्येच विचारून घ्या.

---

कडेकपारी:

वरच्यांशी सहमत, फक्त एक भर. ७० पाउंडांपर्यंत जाणारा धनुष्य ४५ वर आणला की तो तेवढ्या जोमाने बाण फेकत नाही. ४० ते ५० किंवा फार तर ५५ पाउंडांची लिम्ब असलेला, तुमच्या ड्रॉ लेंथचा धनुष्य मिळाला तर तो त्याच्या वरच्या टोकाजवळ वापरला जाईल आणि त्याच कष्टात जास्त देईल. नाही मिळाला तर सगळं बदलता येणारा खुशाल घ्या, तो खेळणं नाही. पाउंड वाढवत न्यायचे असतील तर त्याचा फायदाच आहे. अॅक्सल ते अॅक्सल (दोन चाकांच्या आसांमधलं अंतर) ३० ते ३२ आणि ब्रेस हाइट (न ओढलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर) ७ इंचांच्या जवळची बघा. त्याहून आखूड आणि वेगवान धनुष्य हाताची बारीक चूकही माफ करत नाहीत.

वापरलेला बघायचाच झाला तर कापसाचा बोळा लिम्बच्या दोन्ही कडांवरून फिरवा. तंतू अडकले तर तिथे चीर किंवा चिलपी आहे, परत द्या. दोरीचे धागे फुलले असतील तर नवी दोरी लागणार हे गृहीत धरा. आणि बाण न लावता दोरी कधीही सोडू नका, विकणाऱ्यालाही सोडू देऊ नका. सगळी ऊर्जा धनुष्यातच जिरते आणि लिम्ब तुटतात.

---

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचेही आभार. कापसाची युक्ती माहीत नव्हती. ५० पाउंडांच्या लिम्बचा शोध घेते. रिकर्व्हला बोटांनी सोडते, त्यामुळे रिलीजचा (दोरी सोडायच्या साधनाचा) अजून विचारच केला नव्हता. मनगटाला बांधायचा ट्रिगर घेऊ की अंगठ्याचा?

---

रानपाखरू:

शिकारीला मनगटाचा. थंडीत हातमोज्यातही चाचपडावं लागत नाही आणि खाली पडत नाही. पट्टा मात्र आखूड करून घ्या, म्हणजे ट्रिगर बोटाच्या टोकाला न येता दुसऱ्या पेऱ्याजवळ येतो. टोकाने दाबलं की झटका बसतो. धनुष्य ठरला की त्याची ड्रॉ लेंथ तुमच्या रिलीजसकट मोजून घ्या, मगच पीप साइट (दोरीत बसवलेलं नेम धरायचं भोक) बांधायला सांगा. डोळे मिटून ओढा आणि उघडा. दोरीतल्या भोकातून धनुष्यावरची साइट थेट दिसत नसेल तर पीप वरखाली करायला लावा, मान हलवू नका.