पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांच्या जागा कोण ठरवतं? भुसावळच्या फुटबॉल स्पर्धेसाठी विचारतोय

जंक्शन_गोलकीपर (भुसावळ)

रामराम मंडळी.

माझी भाची लिव्हरपूलला हॉस्पिटलात नर्स आहे. मूळची यावलची. तिकडे गेल्यापासून पक्की लिव्हरपूलवाली झाली. क्लबची मेंबरशिप घेतलीय, घरच्या मैदानाचं म्हणजे अ‍ॅनफिल्डचं तिकीट सोडतीत अधूनमधून लागतं तिला. पण संघ बाहेरगावी खेळायला गेला की हिला तिकीट नाही. बोर्नमथच्या सामन्यासाठी प्रयत्न केला तर उत्तर आलं की तुमचे क्रेडिट पुरेसे नाहीत. मला फोनवर म्हणाली, "मामा, तुम्ही जन्मभर रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसलात, हा कुठला कोटा ते सांगा."

कोटा मला कळतो. लांबून येणाऱ्या गाडीत भुसावळच्या नावाने जेवढे बर्थ असतील तेवढेच आमच्या हातात. ते संपले की पुढचा माणूस वेटिंगला, मग तो कितीही गरजू असो. पण तिथे गाडीही रेल्वेची आणि कोटाही रेल्वेचाच. फुटबॉलमध्ये मैदान एका क्लबचं आणि प्रेक्षक दुसऱ्याचे. मग आकडा ठरवतो कोण? आणि त्या आकड्यातलं तिकीट कोणाच्या हातात पडावं हे कोण ठरवतं?

विचारण्याचं दुसरं कारण घरचंच आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे स्पर्धा असते. जळगाव, अमळनेर, धुळे, नंदुरबारचे संघ येतात. रावेरची पोरं केळीच्या पिकअपमधून येतात, ढोल घेऊन. मैदानाच्या एकाच बाजूला पायऱ्या आहेत, साधारण दोन हजार माणूस बसतं. मागच्या वेळी सेमीफायनलला भुसावळच्या लोकांनी दुपारीच पायऱ्या भरून टाकल्या. अमळनेरचे लोक चारला पोहोचले. "कथा बसानं आम्ही?" (कुठे बसायचं आम्ही?) असं विचारत ते गोलपोस्टच्या मागे उभे राहिले आणि पहिल्या गोलनंतर ढकलाढकली झाली. कोणाला लागलं नाही हे नशीब. यंदा बसण्याची व्यवस्था मंडळाने माझ्याकडे दिली आहे. मोठे क्लब हे कसं करतात ते नीट समजून घ्यायचंय.

---

पांझरेकाठ (धुळे)

नाना, मी बरीच वर्षं बर्मिंगहॅमला नोकरीला होतो आणि अ‍ॅस्टन व्हिलाच्या मागे इंग्लंडभर फिरलो. या विषयावर मला बोलायला आवडतं, त्यामुळे लांबण लागेल.

आकडा क्लबच्या मर्जीवर सोडलेला नाही. प्रीमियर लीगचा, म्हणजे इंग्लंडच्या सगळ्यात वरच्या लीगचा, नियम असा की पाहुण्या क्लबने मागितल्या तर यजमानाने ३,००० जागा द्यायच्या. मैदान ३०,००० पेक्षा लहान असेल तर क्षमतेच्या १० टक्के. बोर्नमथचं मैदान अकरा हजारांच्या थोडं वर, म्हणजे तुमच्या भाचीच्या क्लबला नियमाने मिळतात अकराशेच्या आसपास. लिव्हरपूलसारख्या क्लबचा पसारा पाहता ही तिकिटं म्हणजे काहीच नाहीत. तिने नेमका सगळ्यात अवघड सामना निवडलाय.

एफए कप, म्हणजे इंग्लंडमधली हरला की बाहेर अशी स्पर्धा, तिचं गणित वेगळं. तिथे पाहुण्यांचा हक्क १५ टक्क्यांपर्यंत जातो. जानेवारी २०१० मध्ये लीड्स तिसऱ्या पातळीच्या लीगमध्ये खेळत होता, तरी कपच्या सामन्याला सुमारे ९,००० माणसं मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर घेऊन गेला आणि १-० जिंकून आला. त्याच मैदानावर लीगच्या सामन्याला ३,०००. म्हणून भाचीला सांगा, कपचे सामने धर. जागा वाढल्या की क्रेडिटची अट खाली उतरते.

युरोपातल्या स्पर्धांत युएफा, म्हणजे युरोपची फुटबॉल संघटना, ५ टक्के सांगते. जर्मनीत बुंडेसलिगाचा नियम सरसकट १० टक्क्यांचा, त्यामुळे डॉर्टमुंडच्या ८१,००० च्या मैदानात पाहुणे आठ हजार असतात. मला जर्मनांचं हे पटतं. मैदान वाढलं की पाहुण्यांचा वाटाही वाढायला हवा. ओल्ड ट्रॅफर्डवर ७४,००० मध्ये ३,००० म्हणजे चार टक्के, हे फार कमी आहे.

आता तिकीट कोणाला. यजमान क्लब सगळी तिकिटं पाहुण्या क्लबकडे सोपवतो आणि पाहुणा क्लब ती आपल्याच लोकांना विकतो. पहिला मान सीझन तिकीटवाल्यांचा (घरच्या सामन्यांचं वर्षभराचं तिकीट घेतलेल्यांचा), त्यातही आधी जास्त बाहेरगावचे सामने पाहिलेल्यांचा. तुमच्या भाचीचं क्रेडिट ते हेच. जानेवारीच्या पावसात, मंगळवारी रात्री, टीम हरत असताना न्यूकॅसलला जाऊन सगळ्यात वरच्या मजल्यावर बसलेला माणूस फायनलच्या वेळी रांगेत पुढे असतो. न्यूकॅसलला पाहुण्यांना इतकं उंच बसवतात की जिने चढताना दम लागतो आणि खेळाडू मुंगीएवढे दिसतात. तिथे जाऊन आलेल्या माणसाचा हक्क मी कधीच नाकारणार नाही.

किमतीवरही बंधन आहे. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलने मँचेस्टर सिटीच्या लोकांना ६२ पौंडांचं तिकीट लावलं, तेव्हा सिटीने ३,००० पैकी ९१२ तिकिटं परत पाठवली. नंतर अनेक क्लबांचे प्रेक्षक एकत्र येऊन भांडले आणि २०१६-१७ पासून पाहुण्यांचं तिकीट ३० पौंडांच्या वर नेता येत नाही. एकमेकांच्या जिवावर उठणारे लोक यासाठी एकत्र आले याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण नाना, तुमच्या कामाचं खरं बोलणं पुढेच आहे. जागांचा आकडा सोपा असतो, खरा प्रश्न फाटकाचा. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्टची सेमीफायनल होती, म्हणजे दोन्ही संघ पाहुणे. लिव्हरपूलला सुमारे २४,००० तिकिटं मिळाली, फॉरेस्टला त्याहून जास्त, कारण कोण कुठल्या रस्त्याने येणार त्यावरून बाजू ठरवल्या होत्या. लिव्हरपूलच्या उभ्या जागांची दहा हजारांवर तिकिटं होती आणि त्यांच्यासाठी फिरती फाटकं सात. बाहेर गर्दी दाटली, शेवटी पोलिसांनी मोठं फाटक उघडलं, लोक आधीच भरलेल्या मधल्या कुंपणात ढकलले गेले. ९७ माणसं गेली. २०१६ मध्ये ज्युरीने स्पष्ट सांगितलं की यात प्रेक्षकांचा दोष नव्हता. तुमची भाची त्या शहरात राहते, तिला हा आकडा कोणी सांगावा लागणार नाही.

म्हणून आधी फाटकं मोजा, मग पायऱ्या. तुमच्याकडे दोन फाटकं असतील तर एक पाहुण्यांचंच ठेवा आणि त्यांच्या गाड्या त्याच बाजूला उभ्या करा. लहान मैदानालाही हे जमतं. ल्युटनला पाहुण्यांचं फाटक चक्क घरांच्या रांगेत आहे, घरांच्या मधून आत शिरायचं आणि लोखंडी जिना चढायचा, खाली लोकांच्या परसातले कपडे वाळत असतात. मैदान बारा हजारांच्या आतबाहेरचं, तरी पाहुण्यांना त्यांची वेगळी वाट मिळतेच.

---

मेहरूण_विंगर (जळगाव)

माहिती भारी आहे भाऊ, पण मला क्रेडिटचा प्रकार पटत नाही. ज्याने आधी सामने पाहिले त्यालाच तिकीट, म्हणजे नवीन माणसाने सुरुवात करायची कुठून? नानांची भाची रात्रपाळ्या करते, तिचं प्रेम काय कमी आहे? सरळ ऑनलाइन खुली विक्री करा, जो आधी येईल त्याचं.

---

पांझरेकाठ (धुळे)

विंगर, पहिला अर्धा मुद्दा मला पूर्ण मान्य. तीच ती माणसं वर्षानुवर्षं जातात, त्यांचे क्रेडिट वाढत राहतात आणि विशीतल्या पोरांना दारच उघडत नाही. काही क्लब थोडी तिकिटं सोडतीने किंवा तरुणांसाठी बाजूला काढतात. माझ्या मते हे सगळ्यांनी करायला हवं.

पण खुल्या विक्रीचं काय होतं ते १४ एप्रिल २०२२ ला बार्सिलोनात दिसलं. पाहुण्या फ्रँकफर्टला अधिकृत ५,००० तिकिटं होती. बाकीची यजमानांच्या वाट्यातून ऑनलाइन आणि हातोहात फिरली आणि बार्सिलोनाच्या काम्प नोऊ मैदानात फ्रँकफर्टचे जवळपास ३०,००० लोक पांढरे शर्ट घालून बसले. बार्सिलोना आपल्याच घरी ३-२ हरली आणि तिथल्या कायमच्या प्रेक्षकांना आपल्याच स्टँडमध्ये परकं वाटलं. त्या रात्री हाणामारी झाली नाही, पण त्याच्या भरवशावर नियम लिहिता येत नाहीत.

त्याचं उलट टोक म्हणजे ब्रुसेल्सचं हेसेल मैदान, २९ मे १९८५, युव्हेंटस आणि लिव्हरपूलची फायनल. लिव्हरपूलच्या प्रेक्षकांना लागून झेड नावाचा भाग तटस्थ बेल्जियन लोकांसाठी ठेवला होता. ती तिकिटं इटालियन लोकांच्या हाती गेली. मध्ये जेमतेम एक कुंपण. लिव्हरपूलचे लोक त्यांच्या अंगावर धावून गेले, पळापळीत भिंत कोसळली आणि ३९ माणसं मेली. तिकीट कोणाच्या नावावर निघतं आणि त्यावर बसतं कोण, हे यजमानाला माहीत असलंच पाहिजे. पाहुण्या क्लबकडून विक्री करायची ती यासाठीच, कारण तो आपल्या माणसांना ओळखतो.

---

तोरणमाळ_११ (नंदुरबार)

मी मुलींचा संघ घेऊन फिरते, म्हणून दोन शब्द.

आपल्या देशातही हे घडलंय. १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालचा सामना होता, दोन्हीकडचे प्रेक्षक एकाच स्टँडमध्ये बसवले होते. १६ जण गेले. त्यांच्या आठवणीत तिथे दरवर्षी रक्तदान होतं. तेव्हा वेगळं बसवणं म्हणजे वैर वाढवणं, असं जे आपल्याकडे काही वडीलधारे म्हणतात, ते मला मान्य नाही.

दुसरीकडे, भांडण नको म्हणून पाहुण्यांना बोलवायचंच नाही हाही मार्ग लोकांनी घेतलाय. अर्जेंटिनात २०१३ मध्ये लानूसच्या एका समर्थकाचा जीव गेला, त्यानंतर बरीच वर्षं लीगच्या सामन्यांना पाहुण्यांना बंदी होती. हॉलंडमध्ये आयाक्स आणि फेयेनूर्ड एकमेकांच्या घरी २००९ पासून पाहुण्यांशिवाय खेळतात. नाना, कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. आमच्या मुली शहाद्याहून, तळोद्याहून येतात. त्यांचे आईबाप एक दिवसाची मजुरी सोडून सोबत येतात. मुलीने गोल केला आणि ओरडायला आपलं कोणी नाही, असं मैदान मला नको.

एक विनंती. पाहुण्यांचा भाग म्हणजे उरलेला कोपरा, असं करू नका. आमच्यासोबत बाया असतात, लहान लेकरं असतात. पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह यजमानांच्या बाजूला असेल तर त्यांना प्रत्येक वेळी सगळ्या गर्दीतून जावं लागतं. एका ठिकाणी असंच झालं होतं, तेव्हा आमच्या मुलींनी दुपारभर पाणीच प्यायलं नाही. ऊन किती असतं ते तुम्हाला सांगायला नको.

---

जंक्शन_गोलकीपर (भुसावळ)

ताई, पाण्याचं माझ्या डोक्यातच नव्हतं. एक टँकर पाहुण्यांच्या बाजूला वेगळा उभा राहील आणि नगरपालिकेकडून फिरतं स्वच्छतागृह मागवतो.

काल संध्याकाळी मैदानावर जाऊन आलो. फाटकं दोन आहेत. रस्त्याकडचं मोठं, त्यातून दोन माणसं सहज जातात. मागचं लहान आहे, पण त्याच्यापुढे मोकळी जागा भरपूर आणि पिकअप तिथवर येतात. मी आधी मागचं लहान फाटक पाहुण्यांना देणार होतो. धुळ्याच्या भाऊंचं वाचून विचार फिरवला. पाहुणे सगळे एकदम येतात, गाडीतून उतरले की ढोलासकट शंभर माणूस एका क्षणात फाटकावर. भुसावळचे लोक दुपारपासून एकेकटे, चालत येतात. तेव्हा मोठं फाटक पाहुण्यांना आणि मागचं आपल्या लोकांना. मंडळात याला विरोध होणार, घरच्या लोकांनी मागून का यायचं म्हणून. मी बोलेन त्यांच्याशी.

जागा प्रत्येक पाहुण्या संघाला दोनशे, म्हणजे दहा टक्के. फायनलला दोन्ही संघ बाहेरचे आले तर दोघांना सारखे, आणि मध्ये आपल्या स्वयंसेवकांच्या दोन रांगा. विनामूल्य पास संघाच्या मॅनेजरकडे जातील, यादी त्यांनी करायची. उरलेले पास सामन्याच्या आदल्या रात्रीपर्यंत परत आले तरच ते भुसावळच्या लोकांना देणार. नंतर परत आले तर त्या पायऱ्या मोकळ्या राहतील, भरायच्या नाहीत.

भाचीला कपच्या सामन्यांचं कळवलं. म्हणाली, ड्युटी बदलून घेते.

विंगर, तुझं म्हणणंही सोडलेलं नाही. दोनशेपैकी चाळीस पास पहिल्यांदाच येणाऱ्या पोरांना द्यावेत असं प्रत्येक संघाला लिहितोय. अमळनेर आणि रावेरवाल्यांनी गाड्या किती आणि कुठल्या रस्त्याने येणार ते या धाग्यावरच लिहा, म्हणजे स्वयंसेवक त्या हिशोबाने उभे करता येतील.

---

पांझरेकाठ (धुळे)

नाना, आणखी एक. सामना संपल्यावर दोन्ही फाटकं एकदम उघडू नका. इंग्लंडमध्ये चुरशीच्या सामन्यांनंतर कधी कधी पाहुण्यांना थोडा वेळ आत थांबवतात, बाहेरचा रस्ता मोकळा झाला की सोडतात. पण ते आधी सांगून ठेवा, सामन्याआधी लाउडस्पीकरवर आणि मॅनेजरलाही. न सांगता फाटक बंद दिसलं की माणूस घाबरतो. धुळ्याहून आमच्या दोन क्रूझर येतील, एरंडोलमार्गे.