सामोरी तुरे फ्रेंचांपुढे इतकी वर्षं टिकला कसा?

प्रश्न:
पश्चिम आफ्रिकेतल्या वसुलू राज्याचा राजा सामोरी तुरे याच्याबद्दल वाचतोय, आजच्या गिनी-मालीच्या भागातला. १८८२ ला फ्रेंचांशी पहिली चकमक आणि पकडला गेला थेट १८९८ ला, म्हणजे सोळा वर्षं. आजूबाजूची राज्यं एकेक करून पडत असताना हा कसा काय टिकला, नुसत्या गनिमी काव्यावर एवढं जमतं का?

उत्तर १:
गनिमी कावा होताच पण माझ्या मते खरी गोष्ट बंदुकांची आहे. सामोरी राजघराण्यातला नव्हता, व्यापारी होता, आईला सिसे या घराण्याच्या लोकांनी लढाईत पकडून नेलं म्हणून तिला सोडवायला त्यांच्याच फौजेत चाकरीला राहिला आणि तिथे लढाई शिकला. त्यामुळे माल कुठून आणायचा, कशाच्या बदल्यात, हे त्याला पक्कं ठाऊक. इंग्रजांच्या फ्रीटाऊनहून रायफली विकत घ्यायचा, आणि शेकडो लोहार बसवले होते जे मोडलेल्या रायफली दुरुस्त करायचे आणि फ्रेंचांच्या क्रोपाचेक रायफलीची हुबेहूब नक्कल घडवायचे, तीसुद्धा एकामागून एक गोळ्या झाडणारी, कारखाना नाही काही नाही, भाता आणि हातोडा!! मला तर हे वाचून थक्क व्हायला झालं. अडायचं ते काडतुसांवर, घरची काडतुसं तेवढी भरवशाची नसायची. १८९० च्या ब्रुसेल्स करारात युरोपीय देशांनी आफ्रिकेत शस्त्रं विकण्यावर बंदी घातली, मग बाहेरून माल मिळणं अवघड होत गेलं.

उत्तर २:
लोहारांचं बरोबर, पण १८९२ ला बिसांदुगु ही राजधानी गेल्यावर तो संपला का नाही ते बघा. त्याने अख्खं राज्यच उचलून पूर्वेला नेलं, मागची गावं रिकामी केली, धान्य जाळलं, म्हणजे फ्रेंच पुढे आले की त्यांना हाती राख. डोकं अफाट होतं यात वाद नाही. पण ज्यांची शेतं जळली ती त्याचीच रयत होती, आणि घोडे-बंदुकांसाठी पैसा यायचा तो बराचसा माणसं गुलाम म्हणून विकून. १८९७ मध्ये आजच्या आयव्हरी कोस्टमधलं काँग शहर त्याने बेचिराख केलं, तिथले लोकही मुसलमानच होते, व्यापारी, विद्वान. त्या भागात आजही त्याची आठवण गोड नाही. त्याला नुसता हिरो म्हणणं मला पटत नाही.

प्रश्नकर्ता:
काँगचं माहीत नव्हतं. मग त्याच्या घरातून, दरबारातून कोणीच विरोध केला नाही का?

उत्तर १:
केला ना, पोटच्या मुलानेच. फ्रेंचांशी झालेल्या १८८६ च्या तहानंतर मुलगा कारामोको याला फ्रान्सला पाठवलं होतं, तिथली फौज आणि तोफा बघून तो परत आला, आणि यांच्याशी लढून निभाव लागणार नाही असं पुढे त्याचं मत झालं. १८९४ ला सामोरीने फितुरीच्या संशयावरून त्याला कोंडून उपाशी मारलं. उत्तर २ शी मी इथे सहमत आहे, हे वाचताना माझाही हात थबकला. पण मुलगा खोटं बोलत नव्हता आणि बापालाही शरण जायचं नव्हतं, दोन्ही खरं. शेवटी १८९८ मध्ये लायबेरियाच्या दिशेने डोंगरातून जाताना फौजेत उपासमार झाली, माणसं वाटेतच मरत होती, आणि २९ सप्टेंबरला गेलेमूच्या छावणीत फ्रेंच कॅप्टन गुरोच्या तुकडीने त्याला जवळजवळ न लढताच धरलं. गॅबनला हद्दपार केलं, तिथेच १९०० मध्ये न्यूमोनियाने गेला.